दोन भाषांत गाणारी स्वतंत्र गायिका : ‘कर द पिरात’च्या निमित्ताने एक प्रश्न

मेपलपान

नमस्कार मंडळी. कॅनडाच्या क्युबेक या फ्रेंचभाषक प्रांतात, मॉन्ट्रियलमध्ये राहून आता २१ वर्षं झाली. लेक १९ वर्षांची आहे. घरात मराठी, शाळा अख्खी फ्रेंचमध्ये (१९७७ च्या भाषा कायद्यामुळे बाहेरून आलेल्या कुटुंबांतली मुलं इथे सरकारी आणि अनुदानित शाळांत फ्रेंच माध्यमातूनच शिकतात) आणि मैत्रिणींशी बोलणं कधी या भाषेत, कधी त्या. ती गाणी लिहिते, चाल लावते, पियानोवर बसून गाते. निम्मी फ्रेंच, निम्मी इंग्रजी. ठरवून नाही, जशी सुचतात तशी.

गेल्या महिन्यात कार्यक्रम ठरवणाऱ्या एका अनुभवी गृहस्थांनी तिला सांगितलं, “आधी भाषा ठरव, मग ये. दोन्हीकडे पाय ठेवलास तर कुठेच उभी राहणार नाहीस.” म्हणजे आपलं दोन डगरींवरचं. त्या दिवसापासून पोरगी पियानोला हात लावत नाहीये, म्हणून हा धागा.

तिच्या खोलीत कर द पिरातचं पोस्टर आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ही गायिका, खरं नाव बेआत्रिस मार्तँ, जन्म १९८९, मॉन्ट्रियलच्या उत्रमाँ भागातली. आई पियानोवादक. ही तिसऱ्या वर्षापासून पियानो वाजवते, पुढे इथल्या संगीत महाविद्यालयात शिकली आणि पंधराव्या वर्षी चक्क एका हार्डकोर बँडमध्ये कीबोर्डवर होती. २००८ मध्ये पहिला अल्बम आला तोही एका छोट्या स्थानिक लेबलकडून (लेबल म्हणजे अल्बम काढणारी कंपनी), सगळा फ्रेंचमध्ये. २०१० मध्ये त्यातल्या ‘कॉम दे झाँफाँ’ला फ्रान्सचा व्हिक्त्वार द ला म्युझिक हा संगीत पुरस्कार मिळाला, वर्षातलं सर्वोत्कृष्ट गाणं म्हणून. तेव्हा ती २० वर्षांची होती. २०११ मध्ये एका गायकाबरोबर ‘आर्मिस्टिस’ नावाने छोटा इंग्रजी अल्बम केला आणि त्याच वर्षी ‘ब्लाँद’ हा फ्रेंच अल्बम. २०१४ मध्ये एका टीव्ही मालिकेसाठी इंग्रजी गाणी गायली. २०१५ च्या ‘रोझेस’मध्ये फ्रेंच आणि इंग्रजी गाणी एकाच अल्बमवर. २०१८ मध्ये पुन्हा फ्रेंच. आणि २०२१ मध्ये तर तिचं गाणं जिथून निघालं ते लेबलच तिने विकत घेतलं.

मला ही सगळी वाट सरळ दिसते, इतरांना वाकडी का दिसते? इथल्या गाणाऱ्या, वाजवणाऱ्या आणि हिशेब समजणाऱ्या लोकांनी मोकळेपणाने लिहा. लेकीला वाचून दाखवणार आहे.

अबोली

वाचतेय. लेकीला सांग पियानोला हात लाव आधी. बाकीचं आम्ही इथे भांडून ठरवतो.

फ्रेंचमास्तर

पुण्यात २६ वर्षं फ्रेंच शिकवतोय, त्यामुळे राहवत नाही. ‘कर’ म्हणजे काळीज. त्यातला स्वर मराठीत नाही. ओठ ‘ओ’चे करायचे आणि आतून ‘ए’ म्हणायचं. देवनागरीत ‘कर’ लिहिलं की सात-बाराचा कर वाटतो, पण इलाज नाही. नावाचा अर्थ ‘चाच्याचं काळीज’, समुद्री चाच्याचं.

मूळ प्रश्नाबद्दल माझं मत : भाषा ठरवून गाणं लिहिता येत नाही. फ्रेंच आणि इंग्रजीची चालच वेगळी. इंग्रजीत शब्दाच्या एका अक्षरावर ठोका बसतो आणि बाकीची अक्षरं त्याच्या मागे पळतात. फ्रेंचमध्ये अक्षरं जवळजवळ सारख्या अंतराने चालतात आणि वजन ओळीच्या शेवटी पडतं. म्हणून एकाच चालीत शब्द बदलून बसवले की एक भाषा ओढूनताणून आल्यासारखी वाटते. ज्याला दोन्ही भाषा कानातून आल्या आहेत त्याला आपोआप वेगळी चाल सुचते. तुमच्या मुलीला “जशी सुचतात तशी” येतात हे चांगलं लक्षण आहे, दोष नाही.

तानपुरा७२

मास्तरांशी अर्धा सहमत. शास्त्रीय गाते, लोकांना नाट्यगीतं शिकवते. एका जन्मात एक भाषा गळ्यात मुरायलाच पंचवीस वर्षं लागतात असा माझा अनुभव. मुलगी १९ वर्षांची आहे. दोन्ही भाषांत ‘बरी’ होण्यापेक्षा एका भाषेत ‘तीच ती’ व्हावी. ऐकणाऱ्याला गायकाचं घर कुठे आहे ते कळावं लागतं. मेपलपान, तुम्ही दिलेली वाट मला सरळ वाटत नाही. पहिला अल्बम फ्रेंच, दुसरा फ्रेंच. नाव झालं ते फ्रेंचमध्ये. इंग्रजी नंतर आली. म्हणजे त्या गृहस्थांचंच म्हणणं खरं ठरतं की!

मेपलपान

ताई, हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. खरंच. पण मग प्रश्न असा होतो की ती आधी फ्रेंच का गायली? तिला तीच सुचली म्हणून, की इथे फ्रेंचला दार उघडं होतं म्हणून?

रेडिओवेडा

दार उघडं होतं, आणि ते कायद्याने उघडं ठेवलेलं आहे. कॅनडात प्रसारणाचं नियमन करणाऱ्या आयोगाचा नियम असा की फ्रेंच भाषेच्या स्टेशनांनी आठवड्यात जी लोकप्रिय गाणी वाजवायची त्यांतली ६५ टक्के फ्रेंच हवीत. शिवाय सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या वेळात ५५ टक्के. वेगळा नियम कशाला, तर नाहीतर फ्रेंच गाणी मध्यरात्री वाजवून आकडा भरून काढतील. हा नियम करणाऱ्याला रेडिओवाले नीट माहीत होते!

त्याशिवाय कॅनडियन गाण्यांचा ३५ टक्क्यांचा वाटा आहेच. कॅनडियन कुठलं हे ठरवायला चार कसोट्या : संगीत, कलाकार, सादरीकरण, शब्द. चारपैकी दोन कॅनडियन हव्यात. याची गंमत १९९१ मध्ये झाली. ब्रायन ॲडम्स हा अस्सल कॅनडियन, पण त्याच्या त्या वर्षीच्या अल्बमवर संगीत आणि शब्द दोन्हींत परदेशी भागीदार होता. चारांतली एकच कसोटी पूर्ण, म्हणून त्याची गाणी ‘कॅनडियन नाहीत’ ठरली. केवढा गदारोळ झाला, शेवटी नियम सुधारला.

तर मुद्दा : तरुण मुलगी फ्रेंचमध्ये चांगलं गाणं करते तेव्हा तिची स्पर्धा क्युबेकच्या सुमारे ९० लाख लोकांमधल्या इतर गायकांशी असते. तीच मुलगी इंग्रजीत गायली की त्याच सेकंदाला तिची स्पर्धा लंडन आणि लॉस एंजेलिसशी. फ्रेंच आधी, हा हिशेबही असू शकतो आणि त्यात गैर काही नाही.

हिशेबनीस

मिसिसागात हिशेब तपासनीस आहे आणि माझे तीन ग्राहक संगीतवाले आहेत, म्हणून पैशाचं लिहितो.

कॅनडात ध्वनिमुद्रणाला मदत करणाऱ्या दोन वेगळ्या तिजोऱ्या आहेत. इंग्रजीसाठी फॅक्टर, १९८२ पासून. फ्रेंचसाठी म्युझिकाक्सिओं, १९८५ पासून. दोन्हींत खासगी रेडिओ कंपन्यांचे आणि केंद्र सरकारचे पैसे येतात. एक अल्बम एका दारातून आत जातो. दोन्ही भाषा मिसळल्या की ‘तू कोणाची?’ हा प्रश्न अर्जाच्या पहिल्याच पानावर येतो.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण डेड ओबीज हा मॉन्ट्रियलचा रॅप गट. ते बोलतात तसं गातात, एका ओळीत दोन्ही भाषा. २०१६ मध्ये त्यांच्या अल्बमचे शब्द मोजले गेले तर फ्रेंच भरले साधारण ५५ टक्के, हवे होते ७०. १८,००० डॉलरचं अनुदान हातून गेलं. शब्द मोजले हो! मी आयुष्यभर आकडे मोजतो, पण गाण्यातले शब्द टक्केवारीने मोजलेले तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

म्हणून मेपलपान ताई, त्या गृहस्थांचं बोलणं कडू आहे पण हवेतलं नाही. रेडिओ, अनुदान, पुरस्कार, दौरा, प्रत्येक खिडकीवर दोन रांगा आहेत. मुलीला थांबवायला ते पुरेसं कारण आहे का? मला नाही वाटत. पण रांग माहीत असावी.

मुक्काम_ल्यॉन

सरहद्दीपलीकडून थोडं. फ्रान्समध्ये रेडिओवर ४० टक्के फ्रेंच गाण्यांचा नियम १९९६ पासून आहे आणि त्यात नव्या कलाकारांसाठीही वाटा ठेवलेला आहे. म्हणजे क्युबेकचं फ्रेंच गाणं इथेही त्याच कोट्यात बसतं. कर द पिरात इथे दुकानात, रेडिओवर, सगळीकडे होती त्याचं हे एक कारण.

पण एक टाचणी लावतो. इथे तिचा पहिला अल्बम बार्कले या लेबलने काढला, आणि बार्कले म्हणजे युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीचं घर. मग तिला ‘स्वतंत्र’, म्हणजे बड्या कंपनीशी न बांधलेली, म्हणायचं का? धाग्याच्या शीर्षकात आहे म्हणून विचारतोय.

रेडिओवेडा

चांगली टाचणी. घरी स्वतंत्र, परदेशी भाड्याने दिलेलं.

हिशेबनीस

हाच शब्द योग्य आहे, भाड्याने. ज्याच्याकडे मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी त्याची जमीन. ती दुसऱ्या देशात ठरावीक मुदतीसाठी कसायला दिली तर जमीन जात नाही. आपल्याकडे कूळ आणि मालक हा विषय किती खोल गेलाय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. स्वतंत्र कलाकार म्हणजे एकटा कलाकार नव्हे. वितरक असतो, प्रचाराला माणूस असतो, कधी मोठी कंपनीही असते. विचारायचा प्रश्न एकच : मुदत संपली की गाणं कोणाच्या घरी परत येतं?

साष्टीकर

हिशेबनीस भाऊंनी जमिनीची गोष्ट काढली म्हणून आमच्या गोव्याच्या गायिका लोर्नाबाई आठवल्या. मुंबईच्या क्लबांत इंग्रजी जॅझ गायच्या आणि संगीतकार क्रिस पेरींच्या चालींवर कोंकणी. दोन भाषा, दोन्हींत राणी. मग दोन दशकांहून जास्त काळ त्या गायल्याच नाहीत. १९९५ मध्ये परत उभ्या राहिल्या तेव्हा गोव्यात लोक रडले, माझे वडील त्यांतले एक. भाषेने त्यांना कधी अडवलं नाही. गाण्यापासून माणूस तुटतो त्याची कारणं वेगळीच असतात. ताईंनी मुलीला एवढं नक्की सांगावं.

अबोली

साष्टीकर, काटा आला अंगावर.

अवांतर : माझ्या मुलाला कर द पिरात कशी माहीत, तर व्हिडिओ गेममुळे. २०१४ मध्ये युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने ‘चाइल्ड ऑफ लाइट’ काढला, त्याचं संगीत तिचं. पियानो आणि तंतुवाद्यं, शब्द नावालाच. पोरगा आठवडाभर तेच लावून बसला होता आणि मला वाटलं कुठल्या म्हाताऱ्या युरोपियन संगीतकाराचं आहे. मॉन्ट्रियलमध्ये गेमच्या कंपन्या खूप आहेत म्हणे. दोन भाषांच्या भांडणाला ही तिसरी वाट.

तानपुरा७२

आणि २०२१ च्या वसंतात तिने पूर्ण वाद्यसंगीताचा, नुसत्या पियानोचा अल्बम काढला, ‘पेर्सेइद’. स्वरयंत्राची शस्त्रक्रिया झाली होती, त्यातून सावरतानाचं काम. काल रात्री धागा वाचून ऐकला. माझं स्वतःचं असंच ऑपरेशन १४ वर्षांपूर्वी झालंय. सहा आठवडे पाटीवर लिहून बोलत होते. घरातल्यांना चहा हवा का विचारायलाही पाटी. त्या दिवसांत तंबोरा काढून नुसती बसायचे. त्यामुळे ते पियानोचे तुकडे मला अनोळखी वाटले नाहीत. इथे भाषा नाही, आणि तरी घर कुठे आहे ते कळतं. माझ्या आधीच्या प्रतिसादातलं ‘एक भाषा, एक घर’ हे वाक्य मी आता तितक्या जोरात म्हणणार नाही.

फ्रेंचमास्तर

तानपुरा ताई, तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. फ्रेंच बोलताना शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतात. पण गाताना, कवितेत, तो परत येतो आणि त्याला पूर्ण मात्रा मिळते. आपल्याकडे तेच आहे ना? बोलताना ‘घर्’, ‘देव्’. ओवी म्हणताना ‘देवाऽचिये’ सोडा, साधा ‘घर’सुद्धा शेवटच्या अकारासकट येतो. माझ्या वर्गातली जी मुलं भजन-अभंग म्हणत मोठी झालीत ती फ्रेंच गाणं पटकन उचलतात. इंग्रजी शाळेतल्या मुलांना तो शेवटचा ‘अ’ कुठे ठेवू कळत नाही.

तानपुरा७२

अहो हे किती सुंदर आहे! जात्यावरच्या ओव्या म्हणताना आम्ही तो अकार मुद्दाम लांबवतो, जात्याचा फेरा त्यावर पूर्ण होतो. मेपलपान, लेकीला घरी ओव्या ऐकवल्या होत्यास का गं?

मेपलपान

आईने ऐकवल्या. इथे येऊन सहा महिने राहायची ना, तेव्हा तिला झोपवताना. लेकीला शब्द आठवत नाहीत, चाल आठवते.

भाषाभिमानी

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मी उलटं लिहितो. सुमारे ९० लाखांचं फ्रेंच क्युबेक, त्याच्या चारी बाजूंना ३५ कोटींहून जास्त इंग्रजी बोलणारे. प्रत्येक हुशार मुलगी ‘जशी सुचतात तशी’ म्हणून निम्मं इंग्रजीत गायला लागली तर दोन पिढ्यांनी फ्रेंच गाणं उरेल का? मराठी माणसाने तरी हे समजून घ्यावं. आपले आवाज हिंदीत गेले आणि आपण टाळ्या वाजवल्या. ६५ टक्के हा जाच नाही, बांध आहे. पाणी अडवल्याशिवाय विहिरीला पाझर फुटत नाही.

सेलीन दिओनचंच बघा. १९९० मध्ये तिच्या इंग्रजी अल्बममुळे क्युबेकच्या फेलिक्स पुरस्कारांत तिला ‘इंग्रजी कलाकार’ म्हणून गौरवलं. तिने मंचावरच तो नाकारला, मी इंग्रजी कलाकार नाही म्हणून. भाषेपेक्षा माती कळत होती तिला.

रेडिओवेडा

भाषाभिमानी, तुमच्या उदाहरणातून मला नेमकं उलटं दिसतं. ती म्हणाली, मी इंग्रजीत गाते तरी मी तुमचीच आहे. म्हणजे भाषा बदलली तरी माणूस परका होत नाही. पुढे ती दोन्ही भाषांत अल्बम काढत राहिली. (स्वतंत्र मात्र नाही, तोवर ती मोठ्या कंपनीची झाली होती.)

भाषाभिमानी

ती परकी झाली नाही कारण फ्रेंच अल्बम थांबले नाहीत. थांबले असते तर?

मेपलपान

भाषाभिमानी, तुमचं दुखणं मला रोज दिसतं. इथल्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांत तीच भीती असते. २००९ ची गोष्ट सांगते. २४ जून हा क्युबेकचा राष्ट्रीय सण, सँ-झाँ. आमच्या जवळच्या रोझमाँ भागात पर्यायी सँ-झाँचा कार्यक्रम होता, त्यात मॉन्ट्रियलचेच दोन इंग्रजी गाणारे कलाकार होते. आधी त्यांना काढलं, मग आठवडाभर वर्तमानपत्रांत वाद झाला, शेवटी ते गायले. लेक तेव्हा लहान होती. मी कडेवर घेऊन गेले होते. काही लोक पाठ करून उभे राहिले, बरेच नाचले. बांध हवाच, मला मान्य आहे. माझी मुलगी फ्रेंचमध्ये गाते ती त्या बांधामुळेच, नाहीतर आमच्या घरात फ्रेंच कुठून आली असती? पण तिने इंग्रजीत गायलेल्या गाण्याचं काय करू, पुसून टाकू?

भाषाभिमानी

पुसू नका. एवढंच की फ्रेंच गाणी आधी काढा. त्यांना तिची गरज जास्त आहे.

मॉन्क्टनकर

उशिरा आलो. न्यू ब्रन्सविकमध्ये मॉन्क्टनला असतो. कॅनडातला अधिकृतपणे द्विभाषिक असा हा एकच प्रांत. तुम्ही सगळे दोन भाषा म्हणताय, इथे तिसरीच बोलतात : शियाक. अकादियन (इथल्या जुन्या फ्रेंच वसाहतीच्या) फ्रेंचमध्ये इंग्रजी शब्द, पण त्यांना फ्रेंच प्रत्यय लावून फिरवायचं. मी मूळचा बेळगावचा, मला हे ऐकून घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडे मराठीत कन्नड अशीच शिरते आणि कोणी अर्ज भरून परवानगी मागत नाही.

इथली गायिका लिसा लेब्लाँ ऐका. रोझेरव्हिल या टिकलीएवढ्या गावातली, बँजो वाजवते, आवाज असा की वखारीचं दार उघडावं. २०१० मध्ये ग्रान्बीची गाण्याची स्पर्धा जिंकली, २०१२ मध्ये पहिला फ्रेंच अल्बम, २०१४ मध्ये छोटा इंग्रजी, २०१६ मध्ये मोठा आणि बराचसा इंग्रजी, २०२२ मध्ये ‘शियाक डिस्को’. शेवटचे दोन्ही पोलॅरिस या कॅनडियन अल्बमच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत गेले, २०१७ आणि २०२२ मध्ये. तिचं लेबल बॉनसाउंड, मॉन्ट्रियलचं, स्वतंत्र. टाळेबंदीत तर तिने ऑनलाइन बिंगो चालवणाऱ्या एका काल्पनिक बाईचं सोंग घेतलं आणि त्यावर गाणी काढली! तिला कोणी ‘भाषा ठरव’ म्हटलं असतं तर तिने बँजो डोक्यात घातला असता.

साष्टीकर

‘वखारीचं दार’ वाचून लगेच लावलं. बरोबर आहे.

मुक्काम_ल्यॉन

दौऱ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. स्वतंत्र कलाकाराचं पोट मुख्यतः तिथे भरतं, आणि दोन भाषांचा खरा फायदा तिथे आहे. माझा जोडीदार ध्वनिव्यवस्था बघतो, क्युबेकच्या दोन-तीन गटांबरोबर फिरलाय. फ्रेंच गाणी असली की क्युबेकच्या गावोगावच्या सभागृहांची साखळी मिळते (पूर्वेकडची गावं तर एकत्र येऊन दौरे आखतात), उन्हाळ्यात मॉन्ट्रियलचा फ्रँको महोत्सव, मग समुद्र ओलांडून फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड. इंग्रजी गाणी असली की टोरांटो, मॉन्ट्रियलहून साडेपाचशे किलोमीटर, आणि पश्चिमेकडे व्हँकुव्हरपर्यंत गाडी हाकायची असेल तर साडेचार हजारांच्या वर. दोन्ही भाषा असलेला कलाकार एका बाजूची जागा ओस पडली की दुसरीकडे जातो. त्याचे गाडीतले तास मात्र दुप्पट होतात. पाठदुखी द्विभाषिक असते.

हिशेबनीस

आता मूळ प्रश्नाकडे. मेपलपान ताईंनी उल्लेख केला आणि आपण सगळे पुढे गेलो ते परत काढतो : कर द पिरातने २०२१ मध्ये लेबल विकत घेणं. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला सगळ्यांत महत्त्वाचा क्षण तो, ‘रोझेस’ नाही आणि फ्रान्सचा पुरस्कारही नाही.

तिचे अल्बम ज्यांनी काढले त्या डेअर टू केअर या लेबलचं फ्रेंच अंग म्हणजे ग्रोस ब्वात. याच घरातून ले स्यर बुले ही गायिकांची जोडीही पुढे आली. २०२० च्या उन्हाळ्यात क्युबेकच्या संगीतक्षेत्रात गैरवर्तनाच्या तक्रारींची लाट आली, त्यात या लेबलच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. तिथल्या कलाकारांपुढे प्रश्न होता की आपली गाणी आता कोणाच्या हाती? तिने ते लेबल घेतलं आणि नाव ठेवलं ब्राव्हो म्युझिक. १८-१९ व्या वर्षी जिथे गायिका म्हणून आली, तिथे ३१ व्या वर्षी मालकीण. त्याच वर्षी तिचा नवा फ्रेंच अल्बमही आला.

आता भाषेचा प्रश्न परत बघा. ज्याच्या हाती मालकी, त्याला ‘भाषा ठरव’ कोण सांगणार?

म्हणून मुलीसाठी चार कामं, भाषेआधी. (१) गाणी लेखक-संगीतकारांच्या हक्कसंस्थेत नोंदवणं, कॅनडात ती सोकॅन. (२) जो कोणी गाण्यात चाल, शब्द, ताल घालतो त्याच्याशी टक्के कागदावर लिहून सही. मित्र आहे म्हणून टाळायचं नाही, मित्र आहे म्हणूनच लिहायचं. (३) मूळ ध्वनिमुद्रण स्वतःच्या नावावर. (४) पैसे कुठून येतात त्याची खरी कल्पना. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षात १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. बँडकॅम्प, जिथे लोक गाणी थेट विकत घेतात, डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि पैसे भरण्याचं शुल्क कापून बाकीचे देतं. पन्नास माणसांनी गाणं विकत घेतलं तर ते सुरुवातीला हजारोंनी ऐकण्यापेक्षा जास्त पडतं.

अबोली

हिशेबनीस काका, हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावावा असा आहे.

तानपुरा७२

दुसरा मुद्दा दोनदा वाचला. माझ्या उमेदीच्या काळात एका संस्थेसाठी मी सात गीतं गायले. कागद नव्हता. आज ती गीतं कुठल्या कुठल्या संग्रहात वाजतात, माझं नावसुद्धा नसतं. भाषा शुद्ध मराठी होती, उपयोग काय. मेपलपान, माझं पहिलं मत मी मागे घेते. तिला दोन्हींत गाऊ दे. फक्त प्रत्येक भाषेचा रियाज वेगळा करायला सांग, एकीवर दुसरीचं ओझं नको.

भाषाभिमानी

मी मत मागे घेत नाही. पण मालकीच्या मुद्द्याला +१.

मेपलपान

तीन आठवड्यांनी परत येतेय, माफ करा. परीक्षा होत्या.

लेकीला सगळा धागा वाचून दाखवला, दोन रविवार लागले. ‘वखारीचं दार’ काय ते समजावून सांगावं लागलं. मास्तरांच्या शेवटच्या ‘अ’वर ती काहीच बोलली नाही, उठून पियानोपाशी गेली आणि एका जुन्या फ्रेंच गाण्याची शेवटची ओळ चार-पाच वेगवेगळ्या प्रकारे म्हणून बघितली. मग दार लावून घेतलं. मी बाहेर भाजी चिरत ऐकत होते.

ठरलंय ते असं : चार गाण्यांचा छोटा अल्बम, तीन फ्रेंच, एक इंग्रजी. भाषाभिमानी, तुमच्यासाठी नाही हं, तीच चार गाणी तिला सगळ्यांत पूर्ण वाटतात. इंग्रजी गाणं तिच्या आजीबद्दल आहे. मी विचारलं, आजीला इंग्रजी येत नव्हतं, मग तिच्यावरचं गाणं इंग्रजीत का? म्हणाली, फ्रेंचमध्ये लिहायला बसले की रडू येतं आणि चाल पुढे सरकत नाही.

तबल्याऐवजी ड्रमवर तिचा वर्गमित्र आहे. परवा आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघांनी कागदावर टक्के लिहिले. तो पाच म्हणत होता, ती दहा म्हणत होती, भांडण उलट्या दिशेने चाललं होतं. शेवटी आठावर सही झाली. कागद सध्या फ्रिजवर आहे, अबोली.

हिशेबनीस

फोटो काढून मूळ कागद फाईलमध्ये ठेवा. फ्रिजवर तेल उडतं.

फ्रेंचमास्तर

ती शेवटची ओळ कुठल्या प्रकारे ठेवली तेवढं कळवा.

मेपलपान

लांबवून. आजीसारखी.